गरिबांनी काही लिहून ठेवलं नाही, मग ते कादंबरीत येतात कुठून?

प्रश्न : ताई नमस्कार. शाळेपासून ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतोय, पण त्यात राजे, सरदार आणि लढायाच जास्त. हल्ली युरोपच्या मध्ययुगावरच्या इंग्लिश कादंबऱ्यांचा नाद लागलाय, ज्यात गवंडी, विणकर, मेंढपाळ असली माणसं मुख्य असतात. बाबा म्हणतात हे सगळं मनचं, त्या लोकांना लिहिता येत नव्हतं मग लेखकाला काय कळणार ते घरात काय बोलायचे. खरंच तसं असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लिहिता येत नव्हतं हे बाबांचं बरोबर आहे, पण त्यांच्याबद्दल मात्र भरपूर लिहिलं गेलं आणि ते लिहिणारे कोण, तर कर वसूल करणारे, न्यायाधीश आणि चर्चचे तपासनीस. म्हणजे गरीब माणूस कागदावर आला तो बहुतेक वेळा अडचणीत सापडल्यावरच.

फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज डोंगरात मोंतायू नावाचं छोटंसं गाव आहे. तिथले बरेच लोक चर्चला मान्य नसलेला कॅथार पंथ मानायचे, म्हणून झाक फूर्निए नावाच्या बिशपने 1318 ते 1325 या काळात तिथल्या आणि आसपासच्या गावातल्या लोकांना बोलावून चौकशी केली. हा माणूस भयंकर चिकट, कोण कुठे बसलं होतं, काय खात होतं, कोणी कोणाला काय सांगितलं, सगळं विचारायचा आणि लिहून घ्यायचा. त्यामुळे आज आपल्याला माहितीये की तिथल्या बायका उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढत गप्पा मारायच्या, मेंढपाळ हिवाळ्यात मेंढ्या घेऊन डोंगरापलीकडे स्पेनकडे उतरायचे, आणि गावचा पाद्री कोणाकोणाच्या घरी जायचा हेसुद्धा!! हाच फूर्निए पुढे 1334 मध्ये पोप झाला आणि त्याचं दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात राहिलं म्हणून टिकलं.

पण यात एक मेख आहे. लोक बोलले त्यांच्या ऑक्सितान भाषेत, कारकुनाने उतरवलं लॅटिनमध्ये, आणि बोलणारा घाबरलेला. शेजाऱ्याचं नाव घेऊ की नको, हा विचार त्याच्या डोक्यात असणारच आणि तो काय गाळतोय ते कागदावर येत नाही. माझ्या मते चांगल्या कादंबरीकाराचं खरं काम तिथे सुरू होतं, त्या गाळलेल्या जागेत. बाबा ज्याला मनचं म्हणतात ते हेच, पण आजूबाजूचा कागद नीट वाचलेला असेल तर ते हवेतलं राहत नाही.

आणि कागदाचा राग लोकांनाही होताच की. इंग्लंडमध्ये 1348 च्या प्लेगनंतर मजूर कमी पडले, मजुरी वाढायला लागली, तर 1351 मध्ये कायदा करून ती प्लेगच्या आधीच्या दराला बांधून टाकली. वर डोईपट्टी, 1377 मध्ये माणशी चार पेन्स होती ती 1380 मध्ये सरासरी बारा पेन्स झाली. 1381 च्या जूनमध्ये उठाव झाला तेव्हा शेतकऱ्यांनी जागोजागी जमीनदारांची दप्तरं जाळली, कारण कोण कोणाचा बांधील, कोणी किती दिवस फुकट राबायचं हे त्यातच लिहिलेलं होतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही जाळली असती, पण त्यांच्याबद्दल आज वाचायला मिळालं असतं असं बरंच काही त्यात गेलं असणार.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. तिथलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झालं, 1812 मध्ये कायमचं बंद झालं आणि खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट केले गेले. मोंतायूसारखं एखादं कोकणी गाव त्यांच्या तोंडच्या जबान्यांतून आपल्याला भेटू शकलं असतं, ते राहिलं. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी वाचत असलेल्या कादंबरीतली चौदाव्या शतकातली नायिका सरळ म्हणते की देवबीव काही नसतं. हे पटत नाही. तेव्हा असं बोलणारं कोणी असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शंका घेणारे होते, नक्की होते. फूर्निएच्याच चौकशीत एका शेतकऱ्याबद्दल साक्ष आहे की तो म्हणायचा आत्मा म्हणजे निव्वळ रक्त. आणि नंतरचा प्रसिद्ध माणूस म्हणजे मेनोक्किओ, इटलीतल्या फ्रिउली भागातला पिठाची चक्की चालवणारा. 1584 मध्ये त्याच्यावर खटला झाला. त्याने न्यायाधीशांना सांगितलं की सुरुवातीला सगळा गोंधळ होता, दुधाचं चीज धरतं तसा त्याचा गोळा झाला आणि चीजमध्ये किडे पडतात तसे त्यातून देवदूत आले. त्याला लिहिता-वाचता येत होतं, थोडी पुस्तकं विकत घेतलेली, बरीच मागून आणलेली. सुटला, पुन्हा बोलत राहिला, दुसरा खटला झाला आणि शेवटी त्याला मारलं.

आता बघा, हा माणूस चर्चच्या विरोधात बोलतोय पण त्याच्या बोलण्यात चीज आहे, किडे आहेत, देवदूतही आहेत. तो आजच्यासारखा नास्तिक नाहीये. तुमच्या नायिकेचा प्रॉब्लेम तिने शंका घेतली हा नाहीच, ती आपल्या काळातली वाक्यं बोलते हा आहे. तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर खटकलं.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? फार जाड नको.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : जाड आहे पण तरी मान्झोनीची 'द बिट्रोथेड' घ्याच, मूळ इटालियन, पहिल्यांदा 1827 मध्ये आलेली. काळ रेनेसाँच्या जरा पुढचा, 1628 ते 1630, स्पेनच्या ताब्यातलं मिलान. रेशीम कातणारा रेंझो आणि त्याची लुचिया, या दोघांचं लग्न गावचा दांडगा सरदार होऊ देत नाही आणि पाद्री घाबरून शेपूट घालतो. रेंझो मिलानला पोचतो तर रस्त्यात पांढरं काहीतरी सांडलंय, बघतो तर पीठ. दुष्काळ असताना पीठ रस्त्यावर! सरकारी अधिकारी फेर्रेरने, गहू जणू मापाला 33 लिरे (तिथलं नाणं) भावाने मिळतो असं धरून पावाचा भाव बांधला, बाजारात तो 80 पर्यंत गेलेला, बेकरीवाले रडकुंडीला आले, मग भाव वाढवला आणि लोकांनी बेकऱ्या फोडल्या. ही दंगल खरी झालेली आहे आणि कादंबरीत दिलेले सरकारी हुकूमही खरे आहेत. मायकेल मूरचं 2022 चं इंग्लिश भाषांतर वाचायला सोपं जातं. सुरुवातीची वर्णनं लांबतात, तिथे कंटाळून सोडू नका, दंगल अकराव्या प्रकरणाच्या शेवटाला सुरू होते.