फॉर्म्युला वनमध्ये संघांना प्रतिस्पर्ध्याकडून तयार गाडी विकत घेऊ द्यावी का?

माझं मत : द्यावी, पण फक्त नव्या संघांना, आणि तीही पहिली दोन-तीन वर्षंच.

आज प्रत्येक संघाला चासी (गाडीचा मूळ सांगाडा) आणि बाहेरची बॉडी स्वतःच डिझाइन करावी लागते. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन मात्र विकत घेता येतं. २०१६ मध्ये हास संघ फेरारीकडून असंच बरंच काही घेऊन उतरला.

पूर्वी अख्खी गाडी मिळायची. १९६१ ची मोनॅको शर्यत बघा. रॉब वॉकर यांच्या खासगी संघाकडे लोटसकडून विकत घेतलेली, आदल्या वर्षीची लोटस १८ ही गाडी होती. उकाडा इतका की त्यांचे चालक स्टर्लिंग मॉस यांनी गाडीच्या बाजूचे पत्रे काढायला लावले. १०० फेऱ्यांच्या शर्यतीत, कमी ताकदीच्या त्या गाडीत त्यांनी चौदाव्या फेरीत आघाडी घेतली, शेवटपर्यंत फेरारींना मागे ठेवलं आणि ३.६ सेकंदांनी जिंकले! अशी शर्यत या खेळाला हवीच.

विल्यम्स संघाचे संस्थापक फ्रँक विल्यम्स यांनीही १९६९ मध्ये विकतच्या ब्रॅबम गाडीवरच सुरुवात केली. १९७७ मध्ये पुन्हा विकतचीच, मार्च कंपनीची गाडी. आणि १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिला विजय, स्वतः बनवलेल्या गाडीत. विकतची गाडी ही त्यांच्यासाठी शिडी ठरली.

मुदत का हवी? कारण कायमची मुभा दिली तर छोटे संघ मोठ्यांच्या ओंजळीनं पाणी पिऊ लागतील. विकणाऱ्याला ट्रॅकवर अडवायची हिंमत कोण करणार? शिवाय काय घेता येतं यावरून वादही होतात : २०२० मध्ये रेसिंग पॉइंट संघाला मर्सिडीजच्या ब्रेक डक्टचं (ब्रेक थंड ठेवणाऱ्या हवेच्या नळीचं) डिझाइन वापरल्यावरून १५ गुण आणि ४ लाख युरो गमवावे लागले. त्यामुळे नियम आधीच स्पष्ट लिहिलेले हवेत.