स्प्लिट शेअर फंडाने नवीन शेअर काढले आणि माझ्या क्लास एचा भाव पडला. मला फसवलं का? विकू का?

तुमचं म्हणणं असं की बाजार बंद झाल्यावर फंडाने नवीन प्रेफर्ड आणि क्लास ए शेअर विकायला काढल्याचं जाहीर केलं आणि सकाळी टोरोंटो बाजारात तुमचा क्लास ए 9 डॉलरवरून 8.60 वर उघडला.

फसवलं नाही. स्प्लिट शेअर फंड त्याच्याकडच्या शेअरांचे दोन भाग करून विकतो: प्रेफर्डला ठरलेला डिव्हिडंड आणि त्याचे पैसे आधी, उरेल ते क्लास एला. एक प्रेफर्ड आणि एक क्लास ए मिळून एक युनिट. समजा एका युनिटमागे बँकांचे शेअर आहेत 17 डॉलरचे. त्यातले पहिले 10 प्रेफर्डवाल्यांचे, उरलेले 7 तुमचे. त्या 7 ला लोक 9 मोजत होते, कारण दर महिन्याला 10 सेंट खात्यात पडतात. आता फंडाने प्रेफर्ड 10 ला आणि क्लास ए 8.60 ला विकला, म्हणजे जोडीमागे 18.60 आले. दलालांचं कमिशन गेलं तरी 17 च्या वरच. म्हणजे तुमच्या युनिटची एनएव्ही, म्हणजे त्यामागच्या शेअरांची किंमत, घटली नाही, किंचित वाढलीच असेल. उतरले ते वरच्या 2 डॉलरच्या फुगवट्यातले 40 सेंट, आणि तो फुगवटा तुम्ही घेतानाच मोजून दिला होता. फंडवाले नवीन शेअर काढतात ते नेमके असा फुगवटा असतानाच. फंड मोठा झाला की त्यांची फीही वाढते.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही टोरोंटोजवळ मिसिसागात राहतो. 2019 च्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीकडून मिळालेल्या पैशातले 40,000 डॉलर हातात होते. माझे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, रविवारी जेवायला आले आणि फोनवर एका फंडाचं पान उघडून म्हणाले, "दादा, 5,000 शेअर घे. महिन्याला 500 डॉलर, घरबसल्या पेन्शन." भाव 8 होता. मी वीस वर्षं पेरोलचं काम केलंय, आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची सवय आहे. वर्षाला क्लास एला 1.20 आणि प्रेफर्डला साधारण 55 सेंट, म्हणजे युनिटमागे पावणेदोन डॉलर दरवर्षी बाहेर जाणार. आमच्याही युनिटमागे 17 च होते, त्यावर ते 10 टक्क्यांच्या वर झाले. कॅनडातल्या बँका तेव्हा डिव्हिडंड देत होत्या 4-5 टक्के. बाकीचे कुठून? एक तर शेअर वाढले पाहिजेत, नाहीतर आपलेच पैसे आपल्याला परत. मी म्हटलं, घ्यायचंच तर प्रेफर्ड घेऊ. भाऊजी म्हणाले, "वहिनी, प्रेफर्ड म्हाताऱ्यांसाठी." नवऱ्याने त्यांचं ऐकलं. मी सासूबाईंचे 12,000 मात्र प्रेफर्डमध्येच घातले, 10 च्या भावाने 1,200 शेअर.

दोन महिन्यांत फंडाने नवीन शेअर काढले, क्लास ए खाली आला. भाऊजींचं म्हणणं, मागणी आहे म्हणून काढतात, चांगली खूण आहे. मागणी होती हे खरंच. पण नवीन पैसा येतो तो त्याच प्रमाणात उधारी घेऊन येतो. प्रत्येक नव्या क्लास एबरोबर 10 डॉलरचा एक नवा प्रेफर्ड, जो आधी फेडायचा. बाजार 30 टक्के पडला तर 17 चे 11.90 होतात. प्रेफर्डचे 10 तसेच. तुमच्या 7 चे उरतात 1.90.

12 मार्च 2020 ला टोरोंटोचा निर्देशांक एका दिवसात 12 टक्क्यांहून जास्त पडला, 1940 नंतर तसा दिवस आला नव्हता. आमच्या फंडाचा नियम होता, बऱ्याच फंडांचा असतो, की युनिटची एनएव्ही 15 च्या खाली गेली तर क्लास एला वाटप नाही. 17 मधून 12 टक्के काढून बघा. आमचे महिन्याचे 500 बंद झाले आणि 8 चा शेअर 3 वर आला. नवऱ्याला नवी नोकरी नव्हती, एप्रिलचा घराचा हप्ता समोर होता. आम्ही अर्धे विकले. सासूबाईंच्या खात्यात प्रेफर्डचा डिव्हिडंड ठरल्या तारखेला आला.

गेल्या गणपतीत आरतीनंतर सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाले, "वहिनींनी घाबरून विकायला लावलं, नाहीतर दादाचे पैसे भरून निघाले असते." पुढे भाव वर आले, वाटपही सुरू झालं, हे मी नाकारत नाही. आमच्या उरलेल्या निम्म्या शेअरांवर ते आलंच. पण हप्ता एप्रिलमध्ये भरायचा होता. जो पैसा घरखर्चाला लागणार तो क्लास एमध्ये घालायचा नसतो, आणि हे मी 2019 च्या त्या रविवारी सांगितलं होतं. दरमहा येतं म्हणून त्याला पेन्शन म्हणणं चूक आहे. पेन्शन बाजार पडला म्हणून थांबत नाही.

प्रेफर्डबद्दलही सांगायला हवं. त्याला बँकेतल्या ठेवीसारखा विमा नाही, आणि मार्च 2020 मध्ये त्याचाही भाव 10 च्या खाली गेला होता. ब्रिटनमध्ये 2001-02 साली अशाच प्रकारच्या फंडांचे, म्हणजे स्प्लिट ट्रस्टांचे, 'झीरो' नावाचे शेअर सुरक्षित म्हणून विकले गेले आणि बुडाले, कारण त्यातले बरेच ट्रस्ट एकमेकांचेच शेअर धरून होते आणि वर बँकांचं कर्ज होतं. 2004 मध्ये तिथल्या कंपन्यांना भरपाईसाठी 19.4 कोटी पौंड बाजूला काढावे लागले. तेव्हा तुमच्या फंडात नक्की कोणते शेअर आहेत ते वाचा. आणि क्लास ए टीएफएसएमध्ये, म्हणजे कॅनडातल्या करमुक्त बचत खात्यात, असेल तर तिथला तोटा करात वजा होत नाही, आणि तोट्यात गेलेल्या रकमेएवढी पैसे घालायची मर्यादाही परत मिळत नाही.

विकायचं का, याचं उत्तर भावात नाही. फंडाच्या पानावर आजची युनिटची एनएव्ही बघा, त्यातून 10 वजा करा आणि ती 15 पासून किती लांब आहे तेही बघा. हा पैसा पुढच्या दोन-तीन वर्षांत कशाला लागणार आहे ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं लिहा, मग मी नीट सांगते.