वाचकांचे प्रश्न : अर्ज कोणत्या देशाकडे?

प्रश्न : फ्रान्समध्ये चार रात्री, इटलीत सहा रात्री असा बेत आहे. विमान पॅरिसला उतरतं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) फ्रान्सकडे मागायचा ना? आणि अर्जाआधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरून ठेवली तर चालेल का?

उत्तर : नाही, अर्ज इटलीकडे करा. विमान कुठे उतरतं यापेक्षा मुक्काम कुठे जास्त, हे आधी पाहतात. रात्री सारख्याच असत्या, तर पहिल्या प्रवेशाचा देश धरला असता.

पैशांचं मात्र नीट ऐका. अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरते. पैसे उसने आणून दाखवले, असा संशय येतो. मुदतठेव मोडली असेल तर तिची पावती जोडा, घरच्यांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा. खरं तर दरमहा पगार जमा होणारं साधं खातं जास्त विश्वासार्ह वाटतं.

प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. इथे हमखास चूक होते : परतीचं विमान 15 तारखेचं आणि विमा 14 तारखेला संपलेला! येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मुक्कामात मोजतात.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतला, परतल्यानंतर किमान 3 महिने वैध, दोन पानं कोरी. अर्ज प्रवासाआधी 6 महिन्यांपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण तेवढं ताणू नका.