जुन्या गाडीचा रंग आणि घरचा राखीव निधी

आपली गाडी चौदा वर्षांची आहे, इंजिन अजून ठणठणीत आहे, आणि ती आणखी पाच वर्षे वापरण्याचा आपला विचार आहे. बॉनेटवरचा आणि छतावरचा रंग पोपडे धरून सुटू लागला आहे, तसेच मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली दोन-तीन फुगवटे आले आहेत. संपूर्ण गाडी रंगवण्यासाठी एका कारागिराने गाडीच्या आजच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांश खर्च सांगितला, दुसरा त्याच्या निम्म्यात करून द्यायला तयार आहे, आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका जो राखीव निधी आपण साठवला आहे, त्यातून ही रक्कम काढावी का, असे आपण विचारले आहे.

राखीव निधीला हात लावू नये आणि संपूर्ण गाडीही रंगवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कमानीवरचे काम पुढे ढकलू नये.

गाडी रंगवली की तिची किंमत वाढते, ही समजूत जुन्या गाडीच्या बाबतीत सहसा खरी ठरत नाही. रंगावर घातलेले पैसे विक्रीच्या वेळी पूर्ण वसूल होत नाहीत. उलट जुन्या गाडीवरचा ताजा रंग पाहून जाणकार गिऱ्हाईक अपघात किंवा गंज झाकला असल्याची शंका घेते. म्हणून हा खर्च गुंतवणूक न मानता उपभोगाचा खर्च मानावा. एक तृतीयांश रक्कम पाच वर्षांवर वाटली, तर दर वर्षी गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळजवळ ७ टक्के केवळ दिसण्यापोटी जातात, आणि गाडीची किंमत तर दर वर्षी उतरतच राहणार आहे.

गंजाचा हिशेब निराळा आहे. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते आणि ते वरचा रंग उचलून धरते; म्हणजे बाहेर फुगवटा दिसतो तेव्हा आत गंज बराच पसरलेला असण्याची शक्यता असते. आज तो भाग स्वच्छ पत्र्यापर्यंत घासून, गंजरोधक प्रायमर आणि रंग देऊन काम भागू शकते. पत्र्याला भोक पडल्यावर मात्र तुकडा कापून नवा जोडावा लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. अपघाताचा विमा झीज आणि गंज सहसा भरून देत नाही, त्यामुळे हा भार शेवटी आपल्यावरच येतो. या महिन्याच्या बचतीतून पहिला खर्च याचाच करावा.

बॉनेट आणि छत आधी का खराब झाले, हे समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा होतो. कारखान्यात दिलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असतात, आणि त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आडव्या भागांवर ऊन थेट पडत असल्याने तो तिथे आधी मरतो. नुसता मंद झालेला रंग पॉलिशने पुन्हा उजळतो, परंतु सुटलेला क्लिअर कोट कोणत्याही पॉलिशने परत चिकटत नाही. त्यावर रंगीत प्लास्टिकची चिकट फिल्म लावली तरी खालचा थर सुटाच राहतो. म्हणून बॉनेट आणि छत एवढेच मूळ रंगात रंगवून घ्यावे आणि दारांना व बाजूंना पॉलिश करावे. गाडीचा रंग मेटॅलिक असेल तर नवा-जुना फरक थोडा जाणवेल, आणि तो टाळण्यासाठी शेजारच्या भागांवर रंग मिसळत न्यावा लागतो, ज्याचा खर्च वेगळा पडतो. माझ्या मते चौदा वर्षांच्या गाडीवर इतका फरक चालवून घ्यावा. रंग बदलण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा, कारण मग दारांच्या आतल्या कडा, डिकीचा आतला भाग आणि इंजिनाभोवतीची जागाही रंगवावी लागते.

निम्म्या दराच्या प्रस्तावाविषयी मला खरी काळजी वाटते. रंगकामात मजुरीचा मोठा भाग फवारणीत नसून पूर्वतयारीत जातो: घासणे, पुट्टी, प्रायमर, काचा व रबर झाकणे, दिवे व मुठी काढून ठेवणे. दर निम्मा असेल तर काटछाट बहुधा इथेच होते, आणि नीट न घासलेल्या पृष्ठभागावरचा रंग एक-दोन वर्षांत पुन्हा सुटू शकतो. हलका पर्याय निवडायचाच असेल, तर सुटलेला जुना थर पूर्ण काढणार का, सुटे भाग काढणार की फक्त झाकणार, क्लिअर कोट हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळून देणार का आणि रंग सुटल्यास किती काळ पुन्हा करून देणार, एवढे लेखी घ्यावे. दोन्ही अंदाज एकाच कामाचे आहेत का, हेही त्याशिवाय कळणार नाही.

घरी करण्याचा विचार कमानीसारख्या लहान जागेपुरता ठेवावा. घासणे आणि प्रायमर देणे सवड काढून जमण्यासारखे आहे. हार्डनरच्या क्लिअर कोटची फवारणी मात्र स्वतः करू नये, कारण त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. त्या आजाराचा खर्च कोणत्याही रंगकामापेक्षा मोठा आहे.

पैशांचा क्रम असा ठेवावा: आधी कमान, मग टायर आणि ब्रेक यांची पाहणी, कारण या वयाच्या गाडीत तोच खर्च अचानक उभा राहतो, आणि त्यानंतर बॉनेट व छतासाठी सहा ते आठ महिने ठरावीक रक्कम वेगळी काढावी. कर्ज किंवा कार्डाचे हप्ते यासाठी घेऊ नयेत. तोपर्यंत गाडी सावलीत ठेवावी आणि सुटलेल्या कडांवर जोराचा पाण्याचा फवारा मारू नये, म्हणजे पोपडे पसरण्याचा वेग कमी राहील. त्या मुदतीत टायर किंवा ब्रेकचा खर्च निघाला, तर ही साठवलेली रक्कम विनासंकोच तिकडे वळवावी आणि छत आणखी काही महिने तसेच राहू द्यावे.