एवढ्या मोठ्या विद्यापीठात माझं कसं होणार?

पत्र: ताई, मी औसा तालुक्यातली. लातूरला बीएस्सी फिजिक्स केलं, शेवटच्या वर्षाला वर्गात आम्ही चौदाच जण, सरांना आमची नावंच काय घरची शेती किती तेसुद्धा माहीत होतं. पुणे विद्यापीठाची एन्ट्रन्स क्लास न लावता, जुने पेपर शोधून सोडवून दिली आणि एमएस्सीच्या यादीत नाव आलं. पण परवा बाबांसोबत कॅम्पस बघायला गेले आणि घाबरलेच, विभाग सापडेपर्यंत घामाघूम. बाबांना पुण्यातलंच एक खाजगी विद्यापीठ आवडलंय, एसी वर्ग, प्लेसमेंट सेल, फी वर्षाला दीड लाखाच्या पुढे, कर्ज काढू म्हणतात. आई म्हणते लातूरलाच एमएस्सी कर. मी अबोल आहे, वर्गात कधी हात वर केला नाही. त्या गर्दीत माझं काय होईल?
– गोंधळलेली

अगं गोंधळलेली, आधी अभिनंदन घे, कारण घरात सगळे पुढच्या चिंतेत दिसतायत आणि यादीत नाव आल्याचं कौतुक कुणी केलंय असं पत्रावरून तरी वाटत नाही.

आता गर्दीचं. विद्यापीठ मोठं आहे यात वादच नाही, 1949 चं, 411 एकरांवरचं, पुणे, नाशिक आणि नगर जिल्हे मिळून लाखो विद्यार्थी. पण ती लाखो पोरं गणेशखिंडीतल्या कॅम्पसवर थोडीच बसतात, ती सगळी सिन्नर, संगमनेर, बारामती अशा ठिकठिकाणच्या संलग्न कॉलेजांत असतात. तुझी दोन वर्षं जाणार आहेत एका विभागात, एका वर्गात, त्याच त्या लॅबमधे, त्याच त्या मुलामुलींसोबत. दिवाळीपर्यंत तुला तिथला शिपाईसुद्धा ओळखायला लागेल. म्हणून विद्यापीठ कसंय हा प्रश्न बाजूला ठेव आणि फिजिक्स विभाग कसाय ते विचार, ते बघायला तुम्ही गेलाच नाहीत बहुतेक, बिल्डिंग शोधली आणि परत फिरलात.

रँकिंगचं कुणी सांगायला आलं तर ऐकून घे आणि सोडून दे. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारचं रँकिंग, त्यातल्या राज्य सरकारी विद्यापीठांच्या यादीत पुणे 2024 ला तिसरं होतं आणि 2025 ला चांगलंच खाली घसरलं, तेवढ्यात विभागाच्या भिंती काही बदलल्या नाहीत. हां, एक गोष्ट मात्र खरी आणि गंभीर आहे, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत. राज्यातल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांची हीच रड आहे, माणसं रिटायर होतात आणि भरती वर्षानुवर्षं रखडते, मग तासिका तत्त्वावर कुणाला तरी बोलावून काम भागवतात. त्यातले काही फार छान शिकवतात पण पुढच्या वर्षी ते असतील की नाही ते त्यांनाही माहीत नसतं. त्यामुळे एकदा परत जा, बाबांशिवाय गेलीस तर उत्तम, मैत्रीण घे सोबत, आणि विभागाबाहेर दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतील त्यांना सरळ विचार की क्वांटम कोण शिकवतं, कायम आहेत का, लॅबमधली उपकरणं चालू आहेत का नुसती झाकून ठेवलीत, प्रोजेक्टला गाइड कसा मिळतो, रिझल्ट किती उशिरा लागतो. मुलं खरं सांगतात, उलट जरा तिखटमीठ लावूनच सांगतात.

आणि एक गोष्ट तुझ्या बाबांनी बहुतेक लक्षातच घेतली नाही. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्याच कॅम्पसवर आहे, जयंत नारळीकरांनी 1988 ला उभी केलेली, आणि एनसीआरए पण तिथेच, म्हणजे खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी मंडळी. तिथे व्याख्यानं होतात, विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रोग्रॅम असतात, जगभरातून माणसं येऊन बोलून जातात. फिजिक्सच्या मुलीला हे चालत जाण्याच्या अंतरावर मिळणं म्हणजे काय ते एसी वर्गाला नाही कळणार.

पण कुणी तुला हाताला धरून आयुकात नेणार नाही. तुझ्या लातूरच्या कॉलेजात पंगत होती, सर आग्रह करून वाढत होते, इथे बुफे आहे, ताट घेऊन स्वतः उठलं तरच मिळतं. चार दिवस वर्गात आली नाहीस तर घरी फोन जाणार नाही, स्कॉलरशिपची तारीख चुकली तर चुकली, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म तूच भरायचा, अर्ज कुठे अडकलाय ते तूच शोधायचं. ज्याला रोज कुणीतरी मागे लागून अभ्यास करून घ्यावा लागतो त्याला मी सरकारी विद्यापीठात जाऊ नको असंच सांगते.

तू तशी आहेस का? मला तर नाही वाटत. क्लास न लावता जुने पेपर शोधून एन्ट्रन्स काढलीस हे तूच लिहिलंयस, एका ओळीत, जसं काही विशेष नाहीच. अबोल असणं आणि परावलंबी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाई. वर्गात हात वर नको करूस, तास संपल्यावर सरांच्या केबिनच्या दारात उभी राहा आणि एकच शंका विचार, आठवड्यातून एकदा, इतकं जमलं तरी पुष्कळ.

पहिलं सेमिस्टर जड जाईल हे आत्ताच सांगते. बीएस्सीला पुस्तक इंग्रजी आणि समजावणं मराठीत अशी सवय असते, इथे वर्गात बाहेरच्या राज्यातली मुलं पण असतात त्यामुळे सगळं इंग्रजीतच, आणि जरा स्थिरावतेय तोवर इंटर्नल परीक्षा येऊन धडकते. मार्क पडले तर लगेच बॅग भरू नकोस.

पैशाचं बोलायला हवं. विद्यापीठाची फी त्या खाजगीच्या मानाने काहीच नाही, खरा खर्च राहण्याचा. हॉस्टेल मेरिटवर मिळतं आणि जागा कमी, तेव्हा मिळेलच असं धरून चालू नका, कॉट बेसिसवर बाहेर राहायचं झालं तर औंध, खडकी, शिवाजीनगर या भागातले भाडे आणि मेसचा आकडा आत्ताच काढून ठेवा. कमवा आणि शिका योजना आहे तिची चौकशी कर. आणि हॉस्टेलात किंवा जयकर लायब्ररीत एमपीएससीवाल्यांची गर्दी बघून तूही त्या नादाला लागू नकोस, कितीतरी पोरं एमएस्सीला नाव घालतात आणि दोन वर्षं राज्यसेवेचे ठोकळे वाचत बसतात, शेवटी हे पण अर्धं आणि ते पण अर्धं.

बाबांना एकच काम सांग. त्या खाजगी विद्यापीठाला फोन करून विचारा म्हणावं की एमएस्सी फिजिक्सच्या किती मुलांना, कुठे, किती पगाराची नोकरी लागली. माहितीपत्रकातले मोठे आकडे बहुतेक वेळा इंजिनिअरिंग आणि एमबीएचे असतात. फिजिक्सची यादी लेखी दिली तर कर्जाचा विचार करा, नाही दिली तर विषय संपला. तुझ्यापुढे पीएचडी किंवा नेट सेट आणि मग प्राध्यापकी असाच रस्ता दिसतोय, त्यात प्लेसमेंट सेलचं काय काम?

आईचं म्हणणं मी उडवून लावत नाही. घरचं जेवण, कमी खर्च आणि ओळखीचे सर ही छोटी गोष्ट नाही, आणि उद्या घरी आजारपण किंवा पैशाची अडचण असेल तर लातूर हाच शहाणपणाचा निर्णय ठरेल. पण तसं काही तू लिहिलेलं नाहीस, फक्त भीती लिहिलीयस. त्यामुळे माझं मत पुण्याच्या कॅम्पसला, सीनियर मुलांनी विभागाबद्दल फारच वाईट सांगितलं नाही तर.

आणि हो, विद्यापीठ बदलतंय म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट लागणार, ते नांदेडहून यायचं, लातूरची कॉलेजं तिथल्या विद्यापीठाला जोडलेली ना. अर्ज आजच टाक, कॉलेजातून टीसी पण काढून घे आणि प्रत्येक कागदाच्या चार चार झेरॉक्स.

– ताई