आवाज एकटा ऐकू नये

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे तीन मिनिटांचे दृश्य मिळाले. चित्रपट आणि गेम या दोन्ही क्षेत्रांत ध्वनीचे काम करायचे आहे, तर कोणते सॉफ्टवेअर आधी शिकावे आणि कोणता ध्वनिसंग्रह विकत घ्यावा, असे तू विचारले आहेस. याची उत्तरे थोडक्यात देता येतात. जे सॉफ्टवेअर हाताशी असेल त्यावर काम सुरू कर. चित्रपटांच्या स्टुडिओंमध्ये बहुतेक ठिकाणी प्रो टूल्स आढळते, म्हणून यथावकाश तेही शिकून घे. आणि संग्रहावर पैसे घालण्याआधी एक बरासा रेकॉर्डर घे. मला खरे लिहायचे आहे ते तुझ्या दृश्याबद्दल.

त्यातला प्रत्येक आवाज सुटा ऐकला तर उत्तम आहे. पाऊस भरदार आहे, दाराची करकर नेमकी आहे, विजेचा कडकडाट तर छातीत जाणवतो. मात्र सगळे एकत्र वाजू लागले की ती बाई दारात उभी राहून काय म्हणते आहे, तेच कळत नाही. तू प्रत्येक ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून एकटाच ऐकत, घडवला असणार, अशी माझी अटकळ आहे. सोलोचे बटण खरखर, क्लिक किंवा चुकलेला कट शोधण्यासाठी असते. आवाज चांगला झाला की नाही हे ठरवण्यासाठी ते फसवे आहे, कारण प्रेक्षकाला तो आवाज एकटा कधीच ऐकू येणार नाही. त्याची किंमत ठरते ती त्याच क्षणी शेजारी काय वाजते आहे यावरून.

पावसाचेच पाहा. मुसळधार पावसाचा आवाज जवळजवळ सर्व वारंवारतांमध्ये पसरलेला असतो. बोलण्याचा भरदारपणा खालच्या वारंवारतांमध्ये असतो, पण शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि ‘त’, ‘क’, ‘स’, ‘श’ यांच्या खुणा साधारण दोन किलोहर्ट्‌झच्या वर असतात. पाऊस नेमका तिथेच त्यांच्यावर बसतो. मग आपण संवाद वाढवतो, त्यापुढे पाऊस केविलवाणा वाटू लागतो म्हणून तोही वाढवतो, आणि शेवटी सगळेच कर्कश होते. त्यापेक्षा असे करून पाहा: दृश्याच्या सुरुवातीला, कोणी बोलत नसताना, पाऊस मनसोक्त वाजू दे. संवाद जवळ आला की पाच-सहा सेकंदांत तो हळूहळू खाली आण; एकसारख्या आवाजाला कान लवकर सरावतो, त्यामुळे ही उतरण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. संवादाच्या वेळी पावसातला दोन ते चार किलोहर्ट्‌झचा भाग थोडा कमी कर. आणि पागोळ्यांचे ठळक थेंब दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ठेव. प्रेक्षकाला पाऊस तितकाच जोरात पडतो आहे असे वाटत राहील.

संवादाला मी इतके महत्त्व का देतो, असे तुला वाटेल. स्फोट आणि राक्षसांच्या डरकाळ्या घडवायला उत्सुक असलेले पुष्कळ भेटतात. संवादाचे संपादन नीट करणारे थोडेच असतात, आणि चित्रपट उभा असतो तो त्यांच्या कामावर. हे काम बारीक आहे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या शॉटमागचा खोलीचा आवाज वेगवेगळा असतो. कुठे पंख्याची घरघर, कुठे लांबची वाहतूक. कटवर तो एकदम बदलला की चित्र निर्दोष असूनही जोड उघडी पडते. म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक जागी सर्वांना गप्प उभे करून अर्धा-एक मिनिट नुसत्या जागेचा आवाज घेतात, आणि संपादनात तोच सांधे बुजवायला वापरतात. दोन वाक्यांच्या मध्ये संपूर्ण शांतता सोडू नकोस. तिथे ध्वनियंत्रणा बंद पडल्यासारखे वाटते. बूम (लांब दांडीवरचा माइक) आणि कपड्यांवरचा लेपल माइक एकत्र वापरायचे असतील, तर आवाज एक मीटर अंतर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो हे ध्यानात ठेव. ते अंतर जुळवून न घेता दोन्ही मिसळले की आवाज पोकळ होतो. डबिंग शेवटचा उपाय म्हणून ठेव. स्टुडिओत ओठ जुळवता येतात. धावून आलेल्या माणसाचा श्वास जुळवणे फार अवघड जाते.

फोलीविषयी तू काहीच विचारले नाहीस, पण तिथेही हीच दृष्टी लागते. चित्रपट बोलू लागले त्या काळात युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून ही कला ओळखली जाते. पडद्यावरच्या माणसाची पावले, कपड्यांची सळसळ, हातातल्या वस्तू हे सारे चित्र पाहत पुन्हा करून ध्वनिमुद्रित करायचे. तो अभिनयच आहे: थकलेल्या माणसाची टाच आधी घासते, रागावलेल्याची आपटते. आणि चित्रपट दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा मूळ संवादाच्या ट्रॅकबरोबर त्यात मिसळलेली पावलेही निघून जातात. म्हणून नंतर आठवण्यापेक्षा फोली आरंभापासूनच पूर्ण आणि वेगळ्या ट्रॅकवर ठेवावी.

गेमकडे वळलास की ही सगळी पकड सुटते. चित्रपटात कोणता आवाज कोणाच्या शेजारी येणार हे तुला फ्रेमगणिक ठाऊक असते. गेममध्ये खेळणारा धबधब्यापाशी अर्धा तास उभा राहू शकतो, किंवा लढाईच्या ऐन मध्यावर मागे वळून पळू शकतो. म्हणून तिथे आवाजाबरोबर त्याच्या वागण्याचे नियमही घडवावे लागतात, आणि त्यासाठी वाइज किंवा एफमॉड यांसारखी मिडलवेअर, म्हणजे आवाज आणि गेम यांना जोडणारी सॉफ्टवेअर, वापरतात. जंगलाच्या पार्श्वध्वनीचे उदाहरण घे. दोन मिनिटांचा सुंदर लूप केलास आणि त्यात एका पक्ष्याची ठसठशीत शीळ राहिली, तर तिसऱ्या फेरीला खेळणारा ती ओळखतो आणि जंगल खोटे ठरते. म्हणून लूपमध्ये फक्त ओळखू न येणारे ठेवायचे, म्हणजे वारा, पाने, दूरची किरकिर. पक्षी वेगळे काढून अनियमित अंतराने, वेगवेगळ्या दिशांनी वाजवायचे. पावलांचेही तसेच: प्रत्येक पृष्ठभागासाठी अनेक नमुने, लगेच तोच नमुना पुन्हा न येण्याची अट, स्वर आणि तीव्रतेत किंचित फरक. त्यापुढे भिंतीआडचा आवाज किती दबावा, एका वेळी किती आवाज वाजू द्यावेत आणि मर्यादा ओलांडली तर आधी कोणाला गप्प करावे, हे ठरवावे लागते. माझ्या मते गेमच्या ध्वनीतला सर्वांत सर्जनशील निर्णय हा शेवटचाच आहे, आणि दुर्दैवाने तो पुष्कळदा प्रकल्पाच्या अखेरीस घाईत उरकला जातो.

(ट्रेलरमध्ये दर चार सेकंदांनी येणारा तो ‘धडाम्’ तुझ्या दृश्यातही दोनदा आला आहे. तो काढलास तर मला बरे वाटेल. पण ही माझी आवड झाली.)

शेजारी फक्त दुसरे आवाज नसतात. ऐकण्याची पातळी आणि खोलीही असते. कानाला कमी पातळीवर खर्जाचे आवाज तुलनेने फारच मंद ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले. म्हणून स्पीकरची पातळी रोज बदलत मिक्स केलास तर खर्जाचा अंदाज रोज चुकेल. एक पातळी ठरव, नॉबवर खूण कर आणि निर्णय तिथेच घे. मोठ्या मिक्सिंग थिएटरमध्ये प्रत्येक मुख्य स्पीकर ८५ डेसिबलवर जुळवतात. लहान खोलीत ते कानाला जाचते, म्हणून काही डेसिबल खाली राहा. युरोपीय प्रसारणासाठीच्या ईबीयू आर १२८ शिफारशीत सरासरी ध्वनिपातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारी ध्वनिपातळी मोजण्याचे एकक) आहे. इतर माध्यमांचे आकडे वेगळे आहेत आणि ते काम देणाऱ्याकडून आधीच लेखी मागून घ्यावेत.

आता तुझ्या दृश्याचे. संगीत पूर्ण काढून ते पुन्हा बांध. आधी फक्त संवाद आणि जागेचा आवाज यांवर तीन मिनिटे सलग ऐकण्याजोगी कर, मग फोली, मग पाऊस, आणि वीज सगळ्यात शेवटी. विजेची खरोखर गरज कुठे आहे हे तोवर तुला कळले असेल. झालेला मिक्स एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐक. तिथे बाईचे वाक्य समजले नाही तर परत पावसाकडे जा. मला पाठवताना संवाद, फोली आणि इतर परिणाम यांच्या वेगवेगळ्या फाइल्स ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटमध्ये एकाच बिंदूपासून सुरू होतील अशा काढून पाठव, म्हणजे मलाही नेमके बोलता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुझा शुभचिंतक