‘टेल्स ऑफ अ ट्रॅव्हलर’ कुठून वाचायला घ्यावं

पहिल्यांदाच वाचतोयस ना, मग पहिल्या पानापासूनच सुरुवात करायचा हट्ट धरू नकोस. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२४ साली जेफ्री क्रेयॉन या टोपणनावाने काढलेल्या या पुस्तकाचे चार भाग आहेत. सरळ चौथा उघड, टॉम वॉकरची गोष्ट काढ. बॉस्टनजवळची दलदल, झाडावर लटकणारं चौकडीच्या एप्रनचं गाठोडं. बायकोने नेलेली चांदीची भांडी मिळतील म्हणून टॉम घाईघाईने गाठ सोडतो, तर आत काळीज आणि यकृत! हसू येतं आणि अंगावर काटाही.

मग पहिल्या भागातली जर्मन विद्यार्थ्याची गोष्ट, फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनने मुंडकी उडवली जात होती त्या दिवसांतल्या पॅरिसमधली. ती रात्रीच वाच, एका बैठकीत. गोष्टीत भेटणाऱ्या बाईच्या गळ्यातल्या काळ्या पट्टीवर लक्ष ठेव. पुढचं सांगत नाही. दुसरा भाग मला रेंगाळलेला वाटतो, तो मागाहून वाचलास तरी चालेल.